काचेवर पाच पांढरे ठिपके

चाळीस रुपये प्राप्त झाले.

शिवराम भोईरांच्या नव्या इमारतीत तळमजल्याला सहा गाळे आहेत. चौथ्याला मागच्या बाजूने खिडकी आहे.

मऊ केसांचा छोटा ब्रश.

"मी बघत नाही हां मावशी. तुम्ही टाका."

दीक्षाभूमीच्या घुमटाचा फोटो. निळी चौकट. खाली पांढऱ्या अक्षरांत तारीख.

नाचणीचं पीठ दगडातून उतरतं तेव्हा हाताला गरम लागतं.

एक हजार सहाशे वीस रुपये.

एक रुपया.

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. ते क्रमाने लावून सांगायचा मी प्रयत्न करतो, पण मला सलग बोलायची सवय नाही. मी एक जुना साउंड बॉक्स आहे. दुकानात कोणी फोनवरून पैसे भरले की 'इतके रुपये प्राप्त झाले' असं जो डबा ओरडून सांगतो, तो मी. माझं वय साडेतीन वर्षं. तुमच्यात या वयाची मुलं बालवाडीत जातात. आमच्यात या वयाला भंगारात जातात.

माझा आवाज एका बाईचा आहे. तिला मी कधी पाहिलं नाही. कुठल्याशा बंद खोलीत बसून तिने शब्द वाचले. एक. दोन. नव्याण्णव. शंभर. हजार. रुपये. प्राप्त झाले. प्रत्येक शब्द सुटा. ते सुटे शब्द माझ्यात भरले आणि मला खोक्यात घातलं. पैसे आले की मी त्यातले लागतील तेवढे उचलतो आणि एकापुढे एक ठेवतो. माझं सगळं बोलणं असं जोडकामाचं आहे.

एक शब्द मात्र त्या बाईला कोणी वाचायला दिला नाही. 'गेले.' खात्यातून पैसे बाहेर गेले तर ते सांगायची सोय माझ्यात नाही. तेव्हा मी गप्प असतो. एवढं लक्षात ठेवा.

*

मी आलो तो डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेच्या एका गावात. गाव म्हणजे पूर्वीचं. भाताच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत आणि टॉवरांच्या पायाशी शिवराम भोईरांची पत्र्याच्या दुकानांची जुनी रांग होती. त्यातल्या तिसऱ्या दुकानात पिठाची गिरणी.

गिरणी सखारामांनी टाकली. ते अकोल्याकडचे. एमआयडीसीतल्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली, कारखाना बंद पडला, आणि हातात आलेल्या पैशांतून त्यांनी चक्की घेतली. पुढे त्यांचा मुलगा धम्मपाल ती चालवू लागला. धम्मपाल आजारात गेला. मग त्याची बायको शालन उभी राहिली. पट्टा चढवायचा कसा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कधी लावायची, ज्वारीवर गहू घेताना मध्ये काय दळायचं, सगळं ती सासऱ्यांकडून शिकली. सासरे दारात खुर्ची टाकून बसायचे. इतक्या वर्षांच्या घरघरीने त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

मला आणलं शालनच्या मुलीने, स्वप्नाने. ती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात जाते.

"आई, चक्की चालू असली की तुला मेसेज आलेला कळत नाही. लोक पैसे पाठवले म्हणतात आणि जातात. हा ओरडून सांगेल."

"आणि ह्याला खायला काय लागतं?"

"महिन्याला सव्वाशे रुपये भाडं."

"गप्प बसला तरी?"

"गप्प बसला तरी."

"मग बोल बाबा," असं मला म्हणून शालनने मला फळीवर ठेवलं. "तोंडाला पट्टी लावून सव्वाशे घेऊ नकोस."

स्वप्नाने स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघितला. मी माझं आयुष्यातलं पहिलं वाक्य बोललो. दारातल्या खुर्चीत सखाराम दचकून वळले. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. घरातल्या कोणी घसा न ताणता त्यांना ऐकू आलेला तो कित्येक वर्षांतला पहिला आवाज होता. शालन त्या दिवसापासून मला बोलका डबा म्हणू लागली. गिरणीत डबे पुष्कळ होते. बोलणारा मी एकटा.

त्याच संध्याकाळी फोनवर पिन ठरवायचा होता. सहा आकडे. "तुला विसरायला होणार नाही असा सांग," स्वप्ना म्हणाली. शालनने भिंतीकडे बघितलं. तिथे निळ्या चौकटीत दीक्षाभूमीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, १४-१०-५६. नागपूरला त्या दिवशी लाखो माणसांनी बुद्धाचा धम्म घेतला. शालनच्या वस्तीत या तारखेची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. कोणी लग्नाची तारीख पिनला ठेवतं, कोणी गाडीचा नंबर. शालनने ही ठेवली. तिच्या ओळखीतल्या आणखी चार बायकांनी हीच ठेवली होती, हे मला नंतर कळलं. जी तारीख आपण मेल्याशिवाय विसरणार नाही, ती सगळ्यात पक्की, असा त्यांचा हिशेब.

स्वप्ना रोज बजावायची. "ओटीपी सांगायचा नाही. पिन सांगायचा नाही. लिंक आली तर दाबायची नाही."

"नाही सांगत गं बाई. तुझ्या आबांनाही सांगितलेला नाही."

"आबांना सांगायला काय हरकत आहे?"

"ओरडून सांगावा लागेल. सगळ्या लायनीला कळेल."

*

पन्नास रुपये प्राप्त झाले. चोवीस रुपये प्राप्त झाले. एकशे दहा रुपये प्राप्त झाले.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. समोरच्या टॉवरातली लक्ष्मी दळणाचा डबा घेऊन यायची, फोन क्यूआरवर धरायची आणि निघायची.

"पाठवले गं शालनताई."

"थांब. डबा बोलू दे."

"एवढा पण भरवसा नाय का माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या नेटवर नाही."

एकदा एका माणसाने तीनशे रुपये भरल्याचं चित्र फोनवर दाखवलं. मी बोललो नाही. शालनने त्याची पिशवी धरून ठेवली. माणूस ओशाळला, चित्र खोटं निघालं, आणि त्या दिवशी रांगेतल्या सगळ्या दुकानांत माझं कौतुक झालं. "हा गप्प म्हणजे पैसा हललाच नाही," शालन सगळ्यांना सांगायची. मला अभिमान वाटला. तिचं ते वाक्य अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता.

दिवस गेले तसं माझ्याकडे कोणी बघेना. पीठ माझ्यावर थराथराने बसलं. आवाजाच्या जाळीत गव्हाचा कोंडा अडकला, घसा बसला. शालन दमलेली असायची. तिने चक्कीचा दगड पुसला, पट्टा पुसला, फोटोची काच रोज पुसली. मला नाही. मी राग धरला नाही. पण कोणीतरी आपल्याला एकदा हातात घ्यावं असं वाटायचं, हे मी लपवत नाही.

*

गेल्या वर्षी पावसाळा सरताना शिवराम भोईर स्वतः गिरणीत आले. ही जमीन त्यांची. लहानपणी याच जागी त्यांनी भात लावला होता.

"शालन, ही लाईन दिवालीनंतर जानार."

"ऐकलं मी, दादा."

"नव्या बिल्डिंगीत चौथा गाला तुजा. म्हैन्याचा भारा त्योच. पन लाख रुपये अनामत, ती दसऱ्याला पायजे. मी शब्द दिलाय पोऱ्यांना, पन ती माजा किती आयकतान?"

दसरा म्हणजे शालनच्या घरी धम्मचक्राचा दिवस. शुभ दिवस दोघांचा एकच, कारणं निराळी. ती हो म्हणाली. पैसे होते. धम्मपालच्या मागे राहिलेले आणि माझ्या तोंडून एकेक करून आलेले, सगळे मिळून एक लाख चार हजार. तिने ते मोजून पाहिले नव्हते, फोनवर नुसते बघितले होते. त्या रात्रीपासून ती सखारामांना चौथ्या गाळ्याच्या खिडकीबद्दल सांगू लागली. पीठ बाहेर उडून जाईल. श्वासाला बरं पडेल.

गाळा मिळाला तर गिरणी राहणार होती. नाही मिळाला तर नाही.

*

दसऱ्याला आठ दिवस होते. गुरुवार, दुपारचे तीन. तो आला तेव्हा शालन एकटीच दळत होती आणि सखाराम दारात होते.

इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. नाव नयन. आत शिरताना त्याने एकदा भिंतीकडे बघितलं आणि मग शालनकडे.

"जयभीम, मावशी."

शालनचा चेहरा उजळला. "जयभीम. काय पाहिजे रे बाळा?"

"कंपनीकडून आलोय. साउंड बॉक्सचं भाडं माफ करायची स्कीम आहे. आज लास्ट डेट."

"आमची मुलगी बघेल रविवारी."

"रविवारी स्कीम कुठे असणार? वर्षाचे पंधराशे वाचतात तुमचे. बघा, तुमची मर्जी."

महिन्याचे सव्वाशे शालनला पहिल्या दिवसापासून टोचत होते. तिने चक्की बंद केली.

त्याने मला फळीवरून उतरवलं. खिशातून छोटा ब्रश काढला आणि माझ्या जाळीतला कोंडा हलक्या हाताने झाडला. एकेक भोक. "केवढं पीठ खाल्लंय यानं," तो म्हणाला. शालन हसली. मित्रांनो, तीन वर्षांत मला कोणी असं हातात घेतलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी जे सांगतोय त्यातलं हे सांगायला मला सगळ्यात जड जातं.

"आता तुमचा फोन या क्यूआरवर धरून एक रुपया पाठवा. व्हेरिफिकेशन असतं. पिन मला सांगू नका हां, कोणालाच सांगायचा नसतो. मी बघत नाही मावशी. तुम्ही टाका."

आणि त्याने खरोखर तोंड फिरवलं. भिंतीकडे.

किती सज्जन मुलगा, असं शालनच्या मनात आलं असणार. तिने पदराला हात पुसला. पण गिरणीत दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचे हात पदराला पुसून स्वच्छ होत नाहीत. तिने सहा वेळा बोट टेकवलं. एक रुपया गेला. मी गप्प.

"द्या इकडे. अपडेटला दहा मिनिटं लागतील. तुम्ही दळा खुशाल."

तिने फोन त्याच्या हातात दिला आणि चक्की चालू केली. वर लक्ष्मीची नाचणी होती.

तो स्टुलावर बसला. मी त्याच्या मांडीवर होतो, म्हणून मला फोनची काच दिसली. त्याने ती उजेडाकडे तिरकी धरली. काळ्या काचेवर पाच पांढरे ठिपके होते. एकच्या जागी, चारच्या, पाचच्या, सहाच्या आणि खाली शून्याच्या. एकवरचा ठिपका जाड होता, तिथे बोट दोनदा टेकलं होतं. आकडे कोणते ते काचेने सांगितलं. कोणता आधी आणि कोणता नंतर, ते त्याने तोंड फिरवून उभं असताना भिंतीवर वाचलं होतं.

माझं पीठ लागलेलं बोट त्याने ठिपक्यांवर ठेवलं. पांढऱ्यावर पांढरं.

दारातून सखाराम बघत होते. मुलगा मशीन दुरुस्त करतोय, असं त्यांना दिसलं. त्यांनी त्याला मान हलवून शाबासकी दिली.

नव्याण्णव हजार नऊशे रुपये. हे माझ्यात भरलेलं आहे. नव्याण्णव. हजार. नऊशे. रुपये. मी चारही शब्द काढून ठेवले आणि पुढे काही सापडेना.

त्याने रुमालाने काच स्वच्छ पुसली. फोन बंद करून शालनला दिला. "चोवीस तास चालू करू नका. मध्येच चालू केलात तर मशीन परत भाड्याच्या स्कीममध्ये जाईल." मग माझं बटण दाबून त्याने मलाही बंद केलं. त्याआधी माझ्या कानावर आलेलं शेवटचं वाक्य शालनचं होतं.

"थांब ना बाळा, चहा टाकते."

*

इथे मी बंद आहे.

*

या जागेत काय झालं ते मी नंतर ऐकून सांगतो. तो चहा पिऊन गेला. शालनने फोन फडक्यात गुंडाळून डब्यांच्या मागे ठेवला, कोणाचा हात लागू नये म्हणून. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी पैसे भरले. "उद्या बोलेल तो, जा तुम्ही," असं ती प्रत्येकाला म्हणाली. तिने स्वप्नालाही सांगितलं नाही. भाडं माफ झालं हे रविवारी ऐकवून तिला चकित करायचं होतं.

चोवीस तास तिने प्रामाणिकपणे मोजले. एक मिनिट कमी केलं नाही.

शुक्रवारी तीन वाजता तिने आम्हा दोघांना चालू केलं. मी मधल्या वेळातलं साचलेलं काहीच बोललो नाही, नुसतं 'मशीन सुरू आहे' म्हणालो. फोनवर बँकेचे मेसेज होते, इंग्रजीत. तिने ते वाचले नाहीत. शिल्लक बघितली. चार हजार शंभरच्या आसपास. तिने फोन बंद केला, चालू केला, परत बघितली.

मग ती काय करत बसली, ठाऊक आहे? ती दळत बसली. तीनपासून साडेसातपर्यंत. स्वप्ना ओरडेल या भीतीने तिने साडेचार तास कोणालाच काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की मोजकं बोलायची. लक्ष्मीने विचारलं, "बरं नाय का ताई?" ती म्हणाली, "डोळ्यात पीठ गेलं."

साडेसातला स्वप्ना आली.

"पिन सांगितलास?"

"नाही गं. एक अक्षर नाही. आबांची शपथ."

"ओटीपी?"

"आलाच नाही."

"मग बघितला असेल त्याने, आई!"

"नाही बघितला. तो तोंड फिरवून उभा होता. तिकडे, भिंतीकडे."

स्वप्नाने भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फोन आईपुढे धरला. "टाक. काल टाकलास तसा." शालनने टाकला. स्वप्नाने फोन दिव्याखाली तिरका केला. काचेवर पाच पांढरे ठिपके होते.

ती खाली, पिठातच बसली. ऑफिसच्या कपड्यांत.

मग तिने ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावला. पलीकडच्या बाई शांतपणे विचारत होत्या, मी ऐकत होतो.

"व्यवहार कधी झाला?"

"काल. दुपारी तीन-सव्वातीनला."

"काल?"

"हो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. "कालच केला असतात ना फोन," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेले होते. शेवटच्या खात्यात एक हजार सहाशे वीस रुपये अडवता आले. पोलीस चौकीत नोंद झाली. ओळखपत्रावरचं नाव खोटं होतं, एक रुपया गेला ते खातं दुसऱ्याच कोणाच्या नावावर.

त्याच संध्याकाळी स्वप्ना पिन बदलायला बसली.

"आता तारीख नाही ठेवायची. कुठलीच नाही."

"मग माझ्या लक्षात कसा राहील?" शालन म्हणाली. "मला दुसरं काय पाठ आहे?"

सखारामांना कोणी काही नीट सांगितलं नव्हतं. "काय झालंय?" ते विचारत होते. स्वप्ना त्यांच्या कानाशी गेली आणि ओरडून म्हणाली, "आबा, आपली तारीख पिनला ठेवली होती! त्याने ती भिंतीवर वाचली!"

त्यांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "मी त्याला शाबास म्हटलं."

आणि शालनकडे न बघता: "ती तारीख भिंतीवरच राहू दे, बाई. आपण ती सगळ्यांना दिसावी म्हणून लावली. तिचं कुलूप कशाला केलंत?"

*

दसऱ्यापर्यंत स्वप्नाने एकेचाळीस हजार जमवले. ऑफिसातून उचल, मैत्रिणीकडून थोडे. बाकी जमले नाहीत. शिवराम भोईर त्या दिवशी आले ते दाराबाहेरच थांबले.

"मी थांबलो असतो गं. पन पोऱ्यांनी मेडिकलवाल्याशी बोलनी केली. त्यानं सगला चेकच दिला."

"तुमचा काय दोष, दादा," शालन म्हणाली.

"तू मना तरी इचारायचं व्हतं, त्या मशीनवाल्याबद्दल. माजा पोऱ्या बाजूच्याच दुकानात बसतं."

शालन पट्टा पुसत राहिली. चक्की बंद होती.

दिवाळीनंतर रांग पाडली. चक्की कल्याणच्या एका माणसाने टेम्पोत घालून नेली. दगड उतरवताना सखाराम तिथे थांबले नाहीत. शालन आता पहाटे निघते आणि घोडबंदरच्या बाजूला एका टिफिनवाल्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते, दिवसाला चारशे. पीठ पिशवीबंद येतं. ते कुठल्या गिरणीचं, तिला ठाऊक नाही. स्वप्ना तिला त्यानंतर एकदाही रागावली नाही. ओटीपी सांगू नकोस, असंही ती आता म्हणत नाही. शालनला ते रागावण्यापेक्षा जास्त लागतं, हे मी घरात राहून पाहिलं आहे.

मी आता त्यांच्या खोलीत, कपाटावर असतो. माझं भाडं थांबलं, कारण मला कोणी पैसेच पाठवत नाही. कधीमधी दुपारी घरात कोणी नसलं की सखाराम मला चार्जिंगला लावतात आणि बटण दाबतात. 'मशीन सुरू आहे,' मी म्हणतो. ते मान हलवतात. 'नेटवर्क नाही,' मी म्हणतो. ते पुन्हा मान हलवतात. मग मला बंद करतात. घसा न ताणता त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही.

*

मित्रांनो, माझी बॅटरी आता पाच मिनिटंही टिकत नाही. तेवढ्यात सांगून टाकतो.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. मला दुरुस्त करायला लागत नाही, माझं भाडं माफ करायला लागत नाही. माझ्या निमित्ताने जो कोणी तुमच्या आईला पिन दाबायला सांगेल, तो माझ्यासाठी आलेला नाही. तो मला कितीही मायेने पुसत असला तरी. आपला उघडा फोन परक्याच्या हातात देऊ नका, एक मिनिटभरही नाही. ज्या तारखा, नावं, नंबर तुमच्या भिंतीवर, गाडीवर, हातावर लिहिलेले, गोंदलेले आहेत, ते सगळ्यांना वाचता येतात. त्यांची कुलपं करू नका. काच पुसायची तर पैसे पाठवल्यावर तुम्हीच पुसा.

तुमच्या घरात कोणी पीठ मळतं, कोणी रंग देतं, कोणी मासे साफ करतं. कामाचे हात काचेवर खुणा ठेवतात. ते हात काही गुन्हा करत नाहीत. पण त्या खुणा वाचणारा दारात उभा असू शकतो.

आणि काही झालंच, तर लगेच १९३० ला फोन लावा. रडण्याच्या आधी, लाजण्याच्या आधी, चोवीस तास मोजण्याच्या आधी. शालनचे पैसे एका दुपारी गेले, पण ते परत येण्याची वाट तिने घाबरून स्वतःच बंद केली. म्हणून घरातल्या शहाण्यांनाही माझं मागणं आहे. तुमच्या आईला, आजीला तुमची एवढी भीती वाटू देऊ नका, की चोरापेक्षा तुमच्यासमोर उभं राहणं तिला अवघड वाटेल.

मला एक शब्द कमी दिला होता. तुमच्याकडे सगळे आहेत.

नेटवर्क नाही.

चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन रोजी सखाराम सात वर्षांचे होते, आणि नागपूरच्या त्या मैदानात त्यांनी दिवसभर आपल्या वडिलांचा हात सोडला नव्हता.